पिंजऱ्याच्या दारापाशी : वाचकांचे प्रश्न

व्यावसायिक मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए लढणाऱ्यांच्या आयुष्याबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. डावपेचांबद्दल विचारणारेच जास्त असतील असा माझा अंदाज होता, पण निम्म्याहून अधिक पत्रं फायटरांच्या घरच्यांची आली. त्याचा मला मनापासून आनंद झाला. मी ज्युडोतून या खेळात आले, फ्लायवेट गटात म्हणजे ५६.७ किलोंच्या मर्यादेत लढले आणि आता दुसऱ्यांच्या कोपऱ्यात उभी राहते. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात स्टूल, पाणी आणि बर्फ घेऊन आत धावणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांतली मी एक.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. तीन वर्षं शिकतोय आणि आता व्यावसायिक व्हायचं म्हणतो. मला त्याची एकही लढत बघवत नाही. खरं सांगा, मेंदूला इजा होते का? त्याला अडवू का? — एक आई

इजा होते. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण याच्या उलट सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील.

बॉक्सिंगपेक्षा एमएमए सुरक्षित, असं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. बॉक्सिंगमध्ये खाली पडलेला माणूस दहा आकडे मोजून होण्याआधी उठतो आणि हललेल्या डोक्यावर पुन्हा मार खातो. आमच्याकडे फायटर शुद्धीत राहून स्वतःला वाचवत नाही असं दिसलं, की रेफरी तिथेच लढत संपवतो. शिवाय बऱ्याच लढती चोक म्हणजे गळ्याच्या पकडीने किंवा सांध्यावरच्या पकडीने, टॅप करून म्हणजे हाताने थोपटून हार मानल्यावर संपतात. दुसऱ्या बाजूला, आमचे ग्लोव्ह्ज साधारण ४ औंसांचे, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास असतात. व्यावसायिक बॉक्सिंगचे ८ ते १० औंसांचे असतात. त्यात कोपर, गुडघा आणि लाथेची भर. शिवाय पडलेल्या माणसावर रेफरी मध्ये येईपर्यंत ठोसे पडत राहतात.

वारंवार बसणाऱ्या मारामुळे मेंदूला होणारा सीटीई हा आजार माणूस जिवंत असताना पक्का सांगता येत नाही, मृत्यूनंतर मेंदू तपासला की कळतो. जॉर्डन पार्सन्स हा अमेरिकन फायटर २०१६ मध्ये २५व्या वर्षी गाडीच्या धडकेने गेला. त्याच्या मेंदूत सीटीई आढळला. मारामुळे नव्हे, अपघाताने गेलेला हा मुलगा होता, आणि वय २५. लास व्हेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने २०११ पासून व्यावसायिक फायटरांच्या मेंदूचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चालवला आहे. ज्यांनी जास्त मार खाल्लेला असतो, त्यांच्या मेंदूतले काही भाग आकाराने लहान दिसतात, असं त्यातून पुढे आलं आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. व्यावसायिक फायटर वर्षातून दोन-तीनदा लढतो आणि तीन फेऱ्यांची लढत फार तर १५ मिनिटं चालते. स्पारिंग, म्हणजे सरावातली जोडीदाराशी लढत, मात्र आठवड्यागणिक, वर्षानुवर्षं चालतं. डोक्यावरचा बहुतेक मार तिथे बसतो, रिकाम्या खोलीत, कुणी बघत नसताना. म्हणून लढत बघवत नसेल तर बघू नका, पण जिममध्ये एकदा नक्की जा. प्रशिक्षकांना विचारा : आठवड्यातून किती दिवस जोरात स्पारिंग होतं? माझ्या मुलासमोर त्याच्याहून जड माणूस उभा करता का? स्पारिंगमध्ये चक्कर आली तर किती आठवडे डोक्यावर मार बंद असतो, आणि परत सुरू करायचं हे कोणता डॉक्टर ठरवतो? उत्तर देताना जो प्रशिक्षक हसेल किंवा 'आई, तुम्ही काळजी करू नका' एवढंच म्हणेल, त्याच्याकडून मुलाला काढा. अशा प्रश्नांचं आमच्यातल्या चांगल्या माणसांना वाईट वाटत नाही.

अडवू का, याबद्दल माझं मत : खेळापासून अडवू नका, घाईपासून अडवा. हौशी लढतींचे नियम सौम्य असतात. एमएमएच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या हौशी स्पर्धांत फेरी पाचऐवजी तीन मिनिटांची असते, नडगीला पॅड असतात आणि कोपर मारायला बंदी असते. त्याला तिथे दोन-तीन वर्षं लढू द्या. १९व्या वर्षी व्यावसायिक झाल्याने काही हाती लागतं असं मी पाहिलेलं नाही.

आणि तो सरावात वेळेवर टॅप करतो का, ते बघा. पकडीत अडकल्यावर जोडीदाराला दोनदा थोपटून 'सोड' म्हणण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे खांदे आणि गुडघे टिकतात.

वय २४. नोकरी करतो, संध्याकाळी सराव करतो. पाच हौशी लढती जिंकलो. नोकरी सोडू का? की उशीर झाला? — एक वाचक

उशीर झालेला नाही, आणि नोकरी सोडू नकोस.

फ्रान्सिस एन्गानू कॅमेरूनमधल्या बाटिए गावात लहानपणी वाळूच्या खाणीत राबला. मोरोक्कोमार्गे युरोपात पोचला आणि २०१३ मध्ये पॅरिसला आला. सुरुवातीला त्याच्यावर पार्किंगमध्ये झोपायची वेळ आली. त्याला बॉक्सर व्हायचं होतं, एमएमए त्याला तिथे गेल्यावर कळलं. २०२१ मध्ये त्याने स्टिपे मिओचिचला दुसऱ्या फेरीत पाडलं आणि यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाचा पट्टा, म्हणजे विजेतेपद घेतलं. सुरुवात केली तेव्हा तो तुझ्याहून मोठा होता.

पण ही गोष्ट ऐकून राजीनामा देणारी मुलं मी बघते आणि मला काळजी वाटते. एन्गानू हेवीवेट आहे. त्या गटात माणसं कमी आणि एका ठोशात लढत संपते, त्यामुळे उशिरा आलेला माणूसही वर जातो. ब्राझीलचा ग्लोव्हर टेशेरा लाइट हेवीवेटचा विजेता झाला तेव्हा ४२ वर्षांचा होता. हलक्या गटांत वेगावर सगळं चालतं आणि वेग आधी जातो. तुझं वजन तू लिहिलेलं नाहीस. ७० किलोंच्या खाली लढत असशील तर तुझी चांगली वर्षं आता सुरू होत आहेत, ती हिशोबाने वापर.

नोकरीबद्दल : ज्याला एन्गानूने पाडलं तो मिओचिच जगज्जेता असतानाही अग्निशमन दलात कामाला जात होता. पगार चालू असला की वाईट लढतीला नाही म्हणता येतं. चार दिवसांच्या नोटिशीवर, दहा किलो जड माणसाशी लढायला फोन येतो तेव्हा घरभाडं थकलेला मुलगा हो म्हणतो. नोकरीवाला म्हणत नाही.

एक गोष्ट तू सांगितली नाहीस : या पाच लढतींत कुणी तुला खाली पाडून अर्धी फेरी दाबून ठेवलं होतं का? ठेवलं नसेल, तर व्यावसायिक होण्याआधी तो अनुभव घे. कुस्तीचा पाया असलेल्या माणसांसोबत वर्षभर सराव कर. उभ्याने मारता येतं म्हणून जिंकत आलेल्या मुलांची गाडी व्यावसायिक पातळीवर नेमकी इथे अडते.

कोपऱ्यातली माणसं नेमकं काय करतात? माणूस मार खातो आहे हे दिसत असताना टॉवेल टाकून लढत का थांबवत नाहीत? — एक प्रेक्षक

या प्रश्नाची मी वाट बघत होते.

मिनिटभरात काय होतं ते आधी सांगते. फायटर बसतो. पहिले काही क्षण मी बोलत नाही, त्याला श्वास घेऊ देते आणि डोळ्यांकडे बघते. बुबुळं स्थिर आहेत का, माझ्यावर नजर लागते का? तोवर कटमन जखमेवर काम करतो. ॲड्रेनालिन लावलेला बोळा दाबून धरतो म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात, वर व्हॅसलिनचा थर देतो म्हणजे ठोसा घसरतो. सुजेवर थंडगार धातूची पट्टी दाबतो. मग मी एक सूचना देते. फार तर दोन. दमलेल्या माणसाच्या डोक्यात तिसरी शिरत नाही. 'डावा हात वर ठेव आणि जाळीपासून लांब राहा', एवढं पुरे. त्याच्याकडून ते वाक्य परत म्हणवून घेते. म्हणता आलं नाही तर मला कळतं की डोकं हललं आहे.

लढत थांबवण्याचा अधिकार रेफरीला असतो, डॉक्टरला असतो आणि आम्हाला असतो. रेफरी माझ्या फायटरला त्या रात्री पहिल्यांदा भेटतो. डॉक्टर जखम बघतात. हा माणूस रोज कसा उभा राहतो, कसा चालतो आणि आज त्यात काय बिघडलं आहे, हे माहीत असणारी माणसं कोपऱ्यातच असतात. म्हणून माझ्या मते ही जबाबदारी सगळ्यात आधी आमची आहे.

न थांबवण्याची कारणं मला समजतात. महिनोन् महिने ज्याच्यासोबत घाम गाळला त्याची लढत आपल्या हाताने बुडवायची. तो नंतर बोलणार नाही अशी भीती. मध्येच एक ठोसा लागला तर बाजी पलटेल ही आशा, आणि ती कधीकधी खरीही ठरते. १३ मे २०२० ला अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिलमध्ये अँथनी स्मिथ टेशेराशी पाच फेऱ्यांच्या लढतीत उतरला होता. चौथ्या फेरीनंतर 'माझे दात पडतायत' असं त्याने स्टुलावर बसून कोपऱ्याला सांगितलं. तरी पाचवी फेरी सुरू झाली आणि शेवटी रेफरीने लढत थांबवली. स्मिथने नंतर आपल्या माणसांची बाजू घेतली. फायटर तेच करणार. त्याला थांबायचं नसतं, म्हणूनच तर तो इथवर आलेला असतो. त्याच वर्षी जूनमध्ये मॅक्स रोहस्कॉफ नावाचा मुलगा यूएफसीतली पहिलीच लढत लढत होता. दुसऱ्या फेरीनंतर त्याने स्वतःच थांबवा म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि कोपरा त्याला समजावत राहिला. लढत थांबली, पण मग काही दिवसांत यूएफसीने त्याला करारातून मोकळं केलं. मला त्या मुलाचं आजही वाईट वाटतं. आपली अवस्था ओळखून ती बोलून दाखवायला जे धैर्य लागतं, ते फार थोड्यांत असतं.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०१८ मध्ये टोनी फर्ग्युसनविरुद्ध दुसऱ्या फेरीनंतर अँथनी पेटिसने हात मोडल्याचं सांगितलं. त्याच्या प्रशिक्षकाने तिथल्या तिथे लढत संपवली. ती लढत रंगलेली होती, प्रेक्षक उभे होते. पाच महिन्यांनी, मार्च २०१९ मध्ये, पेटिसने वजनाने वरच्या गटात जाऊन स्टीफन थॉम्पसनला एका ठोशात झोपवलं. थॉम्पसनला तोवर कुणीही नॉकआउट केलेलं नव्हतं.

माझी पद्धत अशी आहे : लढतीच्या आठ-दहा दिवस आधी मी फायटरला त्याच्या घरच्यांसमोर बसवते आणि विचारते, 'मी कधी थांबवायचं?' तो शांत असताना, पोटात अन्न असताना आणि डोकं जागेवर असताना जे सांगतो, ते मी लिहून ठेवते. लढतीच्या रात्री तो काही वेगळं म्हणाला तर मी ते ऐकत नाही.

७० किलोंच्या गटातला फायटर लढतीच्या दिवशी ८० किलोंचा दिसतो. हे फसवणूक नाही का? आणि शरीराला काय होतं? — एक वाचक

नियमाने फसवणूक नाही. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं आणि काट्यावर उभं राहण्यापुरतं वजन खाली असलं की पुरतं. पुढचे २४ ते ३६ तास परत भरायला मिळतात. समोरचाही तेच करत असतो. म्हणून कुणीच थांबत नाही.

होतं असं. आधीच्या काही आठवड्यांत चरबी कमी करतात, ते ठीक आहे. शेवटच्या आठवड्यात पिष्टमय पदार्थ तोडतात. शरीरातल्या साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी असतं, ते निघून जातं. मीठ कमी करतात. आधी भरपूर पाणी पितात म्हणजे मूत्रपिंडं जोरात चालू राहतात, मग पाणी एकदम तोडतात. उरलेले तीन-चार किलो गरम पाण्याच्या टबात, सॉनात म्हणजे तापवलेल्या खोलीत, घामाचा सूट घालून काढतात. मी त्या टबाशेजारी बसलेली आहे. माणूस उठून उभा राहतो तेव्हा दोन्ही बाजूंनी धरावं लागतं. ओठांना भेगा पडलेल्या असतात, बोलणं जड झालेलं असतं, आणि त्याला विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी डोक्यावर ठोसे खायचे असतात. वजन एका दिवसात परत येतं, पण मेंदूभोवतालचं पाणीही तेवढ्यात पूर्ववत होतं याची हमी कुणी देऊ शकत नाही.

यात माणसं गेली आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्राझीलचा लेआंद्रो सोझा वजन उतरवताना गेला. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात चीनचा २१ वर्षांचा यांग जियान बिंग लढतीच्या आदल्या दिवशी वजन उतरवताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर ती स्पर्धा भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिपने नियम बदलले. फायटरांनी आपल्या रोजच्या वजनाच्या जवळच्या गटात लढायचं आणि वजनासोबत लघवीची तपासणी द्यायची. शरीरात पाणी कमी असेल तर लघवीची घनता वाढते. ती १.०२५ च्या वर गेली तर वजन बरोबर असलं तरी चालत नाही. पळवाटा तिथेही शोधल्या जातात हे मला ठाऊक आहे. तरी मरणानंतर का होईना, कुणीतरी नियम बदलला, आणि तसा तो सगळीकडे बदलायला हवा.

वजन चुकलं तर काय होतं तेही सांगते, म्हणजे माणसं एवढी का ताणतात ते कळेल. साध्या लढतीत १ पौंडाची सवलत असते. त्याहून जास्त भरलं तर मानधनाचा २० ते ३० टक्के भाग सहसा प्रतिस्पर्ध्याला जातो. विजेतेपदाच्या लढतीत सवलत नाही. मे २०२२ मध्ये यूएफसीचा तेव्हाचा विजेता चार्ल्स ऑलिव्हेराचं वजन १५५ ऐवजी १५५.५ पौंड भरलं. अर्धा पौंड, म्हणजे पाव किलोहून थोडं कमी. त्याचा पट्टा गेला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्याच फेरीत जिंकला, तरी पट्टा मिळाला नाही.

मी २१ वर्षांची हौशी फायटर आहे. वजन उतरवताना पाळी बंद होते. सोबतच्या मुली म्हणतात, हे चालायचंच. — एक वाचक

नाही गं, हे चालायचं नाही. पाळी बंद होणं म्हणजे शरीर सांगतं आहे की मिळणारं अन्न खर्चाला पुरत नाही. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. त्यात हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत, झोप आणि मनःस्थिती बिघडते. ज्या वयात हाडं सगळ्यात भक्कम व्हायची, त्या वयात तू आहेस. लागोपाठ तीन महिने पाळी आली नसेल तर क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरकडे जा, आणि तोवर वजन उतरवणं थांबव. वरच्या गटात लढ.

दुसरं, पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा एखादा-दीड किलो वर दिसतो. लढतीची तारीख आली की आपल्या चक्राचं गणित मांडून ते प्रशिक्षकाला सांग. पुरुष प्रशिक्षकाशी हे बोलायला अवघड जातं, मला माहीत आहे. पण ज्याला तुझ्या टाचेचं दुखणं सांगता येतं त्याला हेही सांगता आलं पाहिजे, आणि ऐकून घेणं हे त्याचं काम आहे. यूएफसीत बायकांची पहिली लढत २३ फेब्रुवारी २०१३ ला झाली, राँडा राउझी आणि लिझ कार्मूश यांची. मॅकेन्झी डर्न जून २०१९ मध्ये आई झाली आणि ऑक्टोबरमध्ये परत लढली. बायका या खेळात राहणार आहेत, तेव्हा प्रशिक्षकांनी हे शिकून घ्यायलाच हवं.

यूएफसीत पोचलं की पैशांची चिंता मिटते ना? — एक वाचक

अगदी वरच्या थोड्यांची मिटते. खालच्या फायटराचा करार साधारण दोन भागांत असतो : उतरलास की एक रक्कम, जिंकलास की तेवढीच आणखी. समजा, ती १२,००० आणि १२,००० डॉलर आहे. हरला तर हातात १२,०००. त्यातून मॅनेजरचा हिस्सा, प्रशिक्षकांचा हिस्सा, कॅम्पमध्ये ज्यांच्यासोबत सराव केला त्यांचा खर्च, फिजिओ, कर. आणि अशा लढती वर्षात दोन, फार तर तीन. गुडघा गेला तर एकही नाही. सरावातल्या दुखापतींना यूएफसीने २०११ मध्ये विमा लागू केला, हे चांगलं झालं. छोट्या स्पर्धांत तोही सहसा नसतो.

फायटर कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. त्यामुळे पगार नाही आणि निवृत्तिवेतन नाही. करार अनेक लढतींचा असला तरी हरत गेल्यावर कंपनी तो मध्येच संपवू शकते. बॉक्सरांच्या संरक्षणासाठी अमेरिकेत २००० मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाने कायदा झाला, एमएमए त्यात येत नाही. मानधन दाबून ठेवल्याचा दावा काही फायटरांनी २०१४ मध्ये लावला. दहा वर्षांहून अधिक काळ गेला आणि ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला २०२५ मध्ये न्यायालयाची अंतिम मंजुरी मिळाली. ते पैसे मिळणारे कितीतरी जण तोवर खेळातून बाहेर पडले होते.

करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. मॅनेजर ज्याची ओळख करून देतो त्या वकिलाला नव्हे.

तीन फेऱ्यांनंतर निकाल ऐकून मला नेहमी धक्का बसतो. परीक्षक बघतात तरी काय? — एक प्रेक्षक

प्रत्येक फेरी वेगळी धरतात. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकतर्फी झाली तर ८. आधी बघायचं ते मार किंवा पकड किती परिणामकारक ठरली. कोण पुढे सरकत होतं, हे त्यात बरोबरी वाटली तरच. तुम्ही घरी बघताना आवाज बंद करून गुण लिहा. समालोचकांचा उत्साह बाजूला गेला की निकाल बराच पटू लागतो.

माझे पती ३५ वर्षांचे आहेत. शेवटच्या तीन लढती हरले, त्यांतल्या दोन नॉकआउट. आता चौथी ठरली आहे. 'एक जिंकतो आणि थांबतो' म्हणतात. मी काय करू? — एक पत्नी

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सरळ सांगते : ही लढत होऊ नये असं मला वाटतं.

जिंकून थांबणारे फार थोडे. यूएफसीचा विजेता खबीब नुरमागोमेदोव्ह थांबला. ऑक्टोबर २०२० मध्ये अबू धाबीत जस्टिन गेथजीला हरवून, २९ लढती आणि एकही पराभव नाही अशा अवस्थेत, वयाच्या ३२व्या वर्षी. त्याचे वडील, जे त्याचे प्रशिक्षकही होते, जुलैत गेले होते. वडिलांशिवाय लढणार नाही, असा शब्द त्याने आईला दिला होता. बहुतेकांना जिंकल्यावर वाटतं, अजून आहे की आपल्यात. मायकल बिस्पिंगचा एक डोळा २०१३ पासून जवळजवळ गेलेला होता, तसाच लढून तो २०१६ मध्ये जगज्जेता झाला. त्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण ४ नोव्हेंबर २०१७ ला पट्टा गमावल्यावर तीनच आठवड्यांनी तो पुन्हा उतरला आणि पहिल्या फेरीत नॉकआउट झाला. तीच त्याची शेवटची लढत ठरली.

तुमच्या पतींबद्दल मला हे कळायला हवं : पूर्वी ज्या ठोशाने ते हलत नव्हते त्याने आता पाय लटपटतात का? घरात एकच गोष्ट परत परत विचारतात का? उजेडाचा त्रास, डोकेदुखी, तुटक झोप, पूर्वी नव्हता असा संताप? यांतलं काही असेल तर तुम्ही तारखांसकट लिहून ठेवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. ते स्वतः डॉक्टरांना काही सांगणार नाहीत. एमआरआय स्वच्छ आला तरी तेवढ्यावर थांबू नका, स्मरणशक्ती आणि प्रतिक्रियेच्या वेगाच्या चाचण्या करून घ्या. नॉकआउटनंतरची वैद्यकीय बंदी साधारण एक-दोन महिन्यांची असते. ती कागदावर संपली म्हणजे मेंदू बरा झाला, असा तिचा अर्थ नाही.

मग त्यांच्या प्रशिक्षकांना भेटा, एकट्या भेटा. त्यांना विचारा की ही लढत घ्यावी असं तुम्हाला वाटतं का, आणि त्या रात्री तुम्ही कधी थांबवणार. उत्तर देता आलं नाही तर तेच वाक्य पतींना येऊन सांगा.

'लढू नका' एवढंच म्हणाल तर भांडण होईल. पहाटे उठल्यावर आता जायचं कुठे, ही त्यांची खरी भीती आहे. त्याचं उत्तर आधी शोधा. रेफरी आणि परीक्षकांचं प्रशिक्षण असतं, आणि तिथे लढलेली माणसं हवी असतात. लहान मुलांना पकडी शिकवणं हे तर मला लढण्याहून आवडतं काम आहे. त्यांना एखाद्या तरुण फायटरच्या कोपऱ्यात एकदा उभं करा. मी कधीपासून म्हणते आहे की आम्हाला नॉकआउट झालेली माणसं कोपऱ्यात हवीत, कारण डोळ्यांत काय बघायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

भाऊ पहिली व्यावसायिक लढत हरला, नॉकआउट झाला. त्या रात्री आम्ही काय करायला हवं होतं? पुढच्या वेळी कळावं म्हणून विचारतो. — एक भाऊ

त्याला एकटं झोपू द्यायचं नाही, कुणीतरी त्याच खोलीत राहायचं. गाडी चालवू द्यायची नाही. दारू नाही. दुखतं म्हणून ॲस्पिरिन किंवा तसल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, त्यांनी रक्त पातळ होतं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसणं, बोलणं अडखळणं, उठवूनही नीट जागं न होणं, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जायचं. फोन काढून घ्यायचा, कारण तो क्लिप बघत बसतो आणि खालची शेरेबाजी वाचतो. लढतीबद्दल आपण होऊन काही बोलायचं नाही. तो बोलला तर ऐकायचं, आणि तीच गोष्ट चौथ्यांदा सांगत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत मॅनेजरचा 'लगेच दुसरी घेऊ या, मन वर येईल' असा फोन येईल. तो भावाला देऊ नका. डॉक्टरांनी स्पारिंगला परवानगी दिल्यावर फोन करा म्हणावं.